अनुभव कमी करून मिळावा

अनुभवाच्या दाखल्यावरची सही ही सही करणाऱ्याची अब्रू असते. हे वाक्य मी नव्या केमिस्ट मुलांना अनेकदा ऐकवलं आहे. त्या सकाळी माझी अब्रू माझ्याच टेबलावर पडली होती, लॅमिनेट करून. समोरचा माणूस ती परत घ्या म्हणत होता.

"साहेब, अनुभव जरा कमी करून द्या."

साखर कारखान्यांत माझी तीस वर्षं गेली. अनुभव वाढवून मागणारे पुष्कळ भेटले. कमी करून मागणारा हा पहिलाच.

त्याचं नाव व्यंकट. गाव माकणी. वय सेहेचाळीस. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर कामाला होता आणि आमच्याकडे पॅन हेल्परची जागा निघाल्याचं कळल्यावर मोटारसायकल घेऊन आला होता. दाखल्यावर लिहिलं होतं की त्यानं नऊ सीझन 'पॅनमन म्हणून स्वतंत्रपणे व समाधानकारकरीत्या' काम केलं आहे. खाली माझी सही.

"तुम्ही तिथं नक्की काय करत होता?" मी विचारलं.

"त्यात लिवलंय की, साहेब."

"ते मीच लिहिलंय. म्हणून विचारतोय."

तो हसला. "हेल्पर हुतो. वॉल उघडायचा, बंद करायचा, पॅन धुवायचा."

इथं थोडं समजावून सांगतो. पॅन म्हणजे तीन माणसांच्या उंचीची बंद कढई. आतली हवा खेचून घेतात, त्यामुळे घट्ट झालेला उसाचा रस कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाही. त्या उकळत्या रसात साखरेचा दाणा धरवायचा आणि तो एकसारखा वाढवायचा, हे पॅनमनचं काम. तो मधूनमधून थेंबभर माल काचेच्या पट्टीवर घेतो, उजेडाकडे धरून बघतो आणि ठरवतो: वाफ वाढवा, रस घ्या, पाणी मारा. हेल्पर ते करतो. पॅनमनचा अंदाज चुकला तर मोठ्या दाण्यांमध्ये नको असलेल्या बारीक दाण्यांची गर्दी उठते. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. मग मशीनमध्ये त्या मालातून साखर सुटत नाही आणि मागचं सगळं काम तुंबतं.

आता दाखल्याचं. पूर्वी मी एका सहकारी कारखान्यात होतो. तो बंद पडला तेव्हा चीफ केमिस्ट आधीच सोडून गेले होते, म्हणून सहीचा अधिकार माझ्याकडे आला. आठवडाभर रोज रांग लागायची. कारखान्याकडे माणसांना द्यायला लेटरहेडशिवाय काही उरलं नव्हतं. मी प्रत्येकाला एक पायरी वर चढवलं. हेल्परचा पॅनमन केला, पॅनमनचा सुपरवायझर. ज्यांना वर पायरीच नव्हती किंवा नको होती त्यांचे सीझन वाढवले. फार उदार वाटत होतं. दुसऱ्याच्या लेटरहेडवर उदार होणं सोपं असतं.

"मग वापरला नाहीत का दाखला?" मी विचारलं.

"वापरला की. दोनदा. कर्नाटकात एका कारखान्यानं दाखला बघितला आन् थेट पॅनवर उभं केलं. म्या म्हणलं, हेल्परचं द्या. तर म्हणले, एवढ्या अनुभवाच्या माणसाला हेल्पर कसं करावं? तिसऱ्या दिवशी पॅन बिघडला. सोलापूरकडं दुसऱ्या दिवशीच."

"मग?"

"मग काय, पंप. साहेब, ह्या लाइनीत समदी एकमेकाला वळखत्यात. तिसऱ्यांदा पॅन बिघडला तर मला कुनी कारखान्याच्या गेटात उभं करनार न्हाय. अन् मला दुसरं येतंय काय? हेल्परचं काम मी झोपेतबी करतो. तेवढंच लिवून द्या."

मागणी रास्त होती. अडचण माझी होती. नवा दाखला द्यायचा म्हणजे जुना खोटा होता असं लिहून द्यायचं, आणि मला निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलं होतं. मी म्हणालो, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी तो आला. मी पुन्हा "उद्या या" म्हणालो.

ते दिवसच धावपळीचे होते. बॉयलरचं अग्निप्रदीपन होऊन गेलं होतं. बॉयलर पेटवणे याला आमच्याकडे हा शब्द आहे आणि त्याची चार रंगांत निमंत्रणपत्रिका निघते. गुरुवारी मोळीपूजन होतं, म्हणजे पाहुण्यांच्या हस्ते उसाची पहिली मोळी टाकून गाळप सुरू करण्याचा कार्यक्रम. मांडव पडला होता, फेट्यांची ऑर्डर गेली होती. फक्त पॅनवर माणूस नव्हता. तीन शिफ्टला तीन पॅनमन लागतात. आमच्यातला एक दिवाळीला म्हणून गेला तो दुसऱ्या कारखान्यातच उगवला.

मी दिवसातून चारचारदा पॅनच्या मजल्यावर चढत होतो. तिथं काहीही काम नव्हतं. रिकामे पॅन बघायचे आणि उतरायचं. मधूनच वाटायचं, करावं व्यंकटला उभं. आपण मागं थांबू, शिकेल हळूहळू. मग त्याचा तिसरा पॅन डोळ्यांसमोर यायचा.

मंगळवारी तो न बोलावता केबिनमध्ये शिरला.

"साहेब, चार्टावर माझं नाव लागलंय. सेकंड शिफ्ट, पॅनमन. काढा ते!"

"कुणी लावलं?"

"मोठ्या साहेबांनी. एचआरच्या मॅडमनी अर्जाला जोडलेला दाखला दावला त्यास्नी. मला हातात हात देऊन म्हणले, वेलकम."

मी तसाच जनरल मॅनेजरांकडे गेलो. ते फोनवर कुणाला तरी मांडवातल्या खुर्च्यांबद्दल झापत होते. फोन ठेवून म्हणाले, "बरं झालं आलात. तुमचा जुना पॅनमन मिळाला की! तुम्ही बोलला नाहीत?"

"तो पॅनमन नाही, सर. हेल्पर आहे."

"दाखल्यावर सही तुमची आहे."

"सही माझीच आहे. मजकूरही माझाच आहे. पण खरा नाही."

त्यांनी चष्मा काढला. "असे किती दिलेत?"

"मोजले नाहीत. एक रिम कागद संपला होता."

"म्हणजे तुमच्या सहीचे पॅनमन महाराष्ट्रभर फिरतायत?"

"काही आता सुपरवायझर झाले असतील."

मग एकदम त्यांना काहीतरी सुचलं. "आपला फर्स्ट शिफ्टचा पॅनमन तिथलाच ना?"

"तो चांगला आहे, सर. तो खरंच पॅनमन होता. त्याचे फक्त सीझन वाढवले होते."

"उपकार झाले," ते म्हणाले. "मग सेकंड शिफ्टला कोण? पाहुणे मोळी टाकून जेवायला बसतील. रस काही त्यांच्यासाठी थांबणार नाही."

"मी उभा राहतो. माणूस मिळेपर्यंत."

"ह्या वयात?"

"दाखला मागू नका म्हणजे झालं."

ते हसले नाहीत, पण चार्टावरचं नाव खोडलं. "आणि हे सगळं लेखी द्या. एचआरला."

एकोणसाठाव्या वर्षी मी अठरा दिवस दुपारी चारला पॅनवर चढत होतो. काचेची पट्टी उजेडाला धरताना डोळ्यांत पाणी यायचं. व्हॉल्व्हवर व्यंकट होता. मी "वाफ" म्हणायच्या आत त्याचा हात चाकावर असायचा. एकदा मी पट्टी बघत होतो आणि तो खालून ओरडला, "साहेब, बारीक उठायलंय वाटतं, पानी मारू का?" त्याचं बरोबर होतं. तो आवाजावरून ओळखत होता. मी म्हणालो, "मग तुम्हीच का सांभाळत नाही पॅन?"

"वळखायला येतंय, साहेब. ठरवायला येत न्हाय. हितं उभं ऱ्हायलं की पाय कापत्यात."

इतका अचूक दाखला मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

लेखी देणं मात्र पॅनपेक्षा अवघड निघालं. मी पत्रात लिहिलं की पूर्वीचा दाखला वस्तुस्थितीला धरून नव्हता, संबंधितानं नऊ सीझन हेल्पर म्हणून उत्तम काम केलं आहे. एचआरच्या मॅडम पुण्याच्या, कामाला काटेकोर. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"सर, या पत्रानं जुना दाखला रद्द झाला. म्हणजे अनुभव शून्य."

"शून्य कसा? नऊ सीझन हेल्पर."

"त्याचा पुरावा?"

"हे पत्र. मी स्वतः सांगतोय."

"सर, याच पत्रात तुम्ही म्हणताय की तुम्ही लिहून दिलेलं खरं नसतं."

"नसतं नाही, नव्हतं."

"पोर्टलवर तसा ऑप्शन नाही, सर."

मी वाद घातला, पण फार नाही. त्यांची बाजू बळकट होती. ज्याला अनुभव नाही त्याला पोर्टल एकाच वर्गात घेतं. व्यंकटच्या ओळखपत्रावर छापून आलं: ट्रेनी. मी त्याची माफी मागितली. तो कार्ड गळ्यात अडकवत म्हणाला, "असू द्या साहेब. ट्रेनीला कुनी पॅनवर तर उभं करत न्हाय."

तेव्हापासून माणूस जे काम करत होता तेवढंच मी दाखल्यात लिहितो. त्यामुळे माझ्याकडे दाखला मागायला आता फारसं कुणी येत नाही.

त्या वर्षी पॅनवर आणखी दोन ट्रेनी होते, डिप्लोमा झालेले; त्यांना काम व्यंकटच शिकवत होता. सीझन संपल्यावर एचआरनं नियमाप्रमाणे तिघांचे ट्रेनिंग पूर्ण झाल्याचे फॉर्म भरले. व्यंकटच्या फॉर्मवर 'प्रशिक्षक' या रकान्यात व्यंकटचंच नाव आहे.