कारणाची वही

सौंसरच्या आमच्या शाळेत माझा दरारा होता आणि मला त्याचा गर्व होता. ज्यांना मी एकेकाळी वर्गाबाहेर उभं केलं, त्यांचीच पोरं आता माझ्याकडे गणित शिकतात.

यंदा हेडमास्तर कुठल्याशा प्रशिक्षणातून नवी हौस घेऊन आले. शिस्तीचे नियम म्हणे मुलांनीच करायचे. मी म्हटलं, झालं, माकडाच्या हाती कोलीत! पण पोरांनी स्वतःसाठी चांगले कडक नियम केले आणि आमच्यासाठी एकच. कोणाला वर्गाबाहेर काढायचं तर शिक्षकाने वहीत कारण लिहायचं, खाली मुलाने आपलं म्हणणं. मला संताप आला. या एवढ्याएवढ्याशा पोरांना आता आम्ही जबाब द्यायचा?

वाईट म्हणजे, वही उपयोगी पडली. पेन सापडेपर्यंत माझा अर्धा राग उतरायचा, आणि ‘पेन्सिल पाडली’ असं लिहायची वेळ आली की उरलेलाही. महिनाभर कोणीच बाहेर गेलं नाही. आपला दरारा गेला, या विचाराने मला घास गोड लागेना.

कापूस वेचणीचे दिवस होते. पांढुर्ण्याहून येणारी सकाळची बस गाठोड्यांनी भरलेली. त्यांना टेकून कशीबशी आले, तिसऱ्या तासाला फळ्याकडे वळले, तर मागे खुसखुस. एक मुलगी तोंडावर ओढणी दाबून हसत होती.

“बाहेर!”

वही सांभाळणारी वर्गनायिका लगेच पुढ्यात. मी ऐटीत लिहिलं, ‘विनाकारण हसली.’ त्या पोरीने बाहेर उभ्याउभ्याच खाली लिहिलं:

‘मॅडमच्या अंबाड्यात सकाळपासून कापूस अटकून राहिला. सारे पाहून राहिले, पन सांगाची कोनाची हिंमत नाही.’

सकाळी प्रार्थनेला मी तशीच सगळ्यांच्या पुढे उभी होते. हेडमास्तर माझ्याशी बोलताना सारखे खिडकीकडे का बघत होते, तेही आता कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांच्या दराऱ्याची कमाई ही!

बाहेर जाऊन मी तिच्यापुढे पाठमोरी उभी राहिले. “काढ.”

तिने हळूच काढला. चांगला मूठभर होता.

“चल आत.”

दारात वर्गनायिका आडवी. “मॅडम, शिक्षा मागं घेतली तं त्याचंबी कारन लिहा लागते.”

मी लिहिलं, ‘मीही हसले असते.’