मागच्या खोलीची चिठ्ठी

निवडणुकीच्या दिवसांत वेलचेरीतल्या आमच्या गल्लीत तमिळ प्रचाराच्या रिक्षा कर्णे लावून फिरत आणि माझं नवं पिल्लू प्रत्येकीवर भुंकायचं. मतदार-चिठ्ठ्या वाटायला आलेल्या म्हाताऱ्यावर मात्र भुंकलं नाही, त्याच्या चपला हुंगत बसलं. मी पिल्लाला मराठीत दटावलं, तसा म्हाताराही तंजावरी हेलात मराठी बोलू लागला.

बोटाला थुंकी लावून तो यादी उलटू लागला, प्रत्येक नाव पुटपुटू लागला. माझं नाव अजून साताऱ्याच्याच यादीत. त्याने पुढे केली ती आधीच्या भाडेकरू बाईंची चिठ्ठी.

"त्या वारल्या," मी म्हणालो. "मागच्याच खोलीत."

"ठाऊक आहे. पण नाव कापलं नाही तोवर माणूस घरीच असतं."

मी हात पुढे करेना, तेव्हा त्याने चिठ्ठी पिल्लासमोर धरली. दिसेल ते कुरतडणाऱ्या पिल्लाने ती अलगद तोंडात धरली, मागच्या खोलीत नेली आणि ते रिकाम्या तोंडाने, शेपटी हलवत परत आलं. तोवर थांबलेल्या म्हाताऱ्याने यादीत बरोबरची खूण केली आणि तो जिना उतरला.

त्या खोलीत साधी चटईसुद्धा नाही. चिठ्ठी मला अजून सापडलेली नाही.