फीमाफीचा जबाब

फीमाफी मागणाऱ्याला आधी एक गोष्ट शिकावी लागते. आपली गरिबी आपण सांगून भागत नाही. ती दुसऱ्याने पाहून लिहावी लागते. साठ सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मी मॅट्रिक झालो तेव्हा, पद्धत अशी होती: विद्यार्थ्याने अर्ज करायचा, तलाठ्याने घरी येऊन चौकशी करायची, मामलेदारांनी दाखला द्यायचा. तो दाखला मुदतीत कॉलेजात पोचला तर फी माफ. नाही पोचला तर माझे शिक्षण तिथेच संपणार होते.

माझे आईवडील मी अगदी लहान असताना तापाच्या साथीत गेले. मिठबावला आमच्या शेजारी एक मच्छीमार जोडपे राहत असे. त्यांनी मला उचलून आपल्या घरी नेले. नाते नव्हते, दत्तकविधान झाले नव्हते, कोठे नोंदही नव्हती. मी त्यांना काका-काकी म्हणत असे. काका दुसऱ्याच्या होडीवर जात. काकी डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडीतून मासे विकत असे. त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत पोसले, हेच त्यांच्या ऐपतीपलीकडचे होते. पुढचे मी मागणार नव्हतो, आणि त्यांच्यापाशी ते नव्हतेही.

अर्ज हेडमास्तरांनी सांगितला आणि मी लिहिला. ‘अर्जदार पोरका असून परक्या कुटुंबाच्या आश्रयाने राहतो,’ असे त्यात वाक्य होते. ते घरी वाचून दाखवण्याचे मला सुचले नाही. किंवा सुचले आणि मी टाळले.

तलाठी येणार हे कळताच काकी कामाला लागली. सरकारी माणूस आमच्या घराची पायरी प्रथमच चढणार होता. तिने वरच्या घरातून खुर्ची आणि चिनी मातीच्या कपबश्या मागून आणल्या. आम्ही रोज उकड्या तांदळाची पेज जेवत असू. पाहुण्याला मात्र पांढऱ्या, सुरय तांदळाचा भात वाढायचा, ही आमच्याकडची रीत. तो तांदूळ तिने उसना आणला. पाटीतले सगळ्यात मोठे इसवण, म्हणजे सुरमई, विकायचे सोडून घरी ठेवले.

मी म्हणालो, “काकी, आज त्यांका पेजच दिसाक व्हयी.”

“घराकडे इल्या माणसाक पेज वाढू? लोकां माझ्या तोंडात शेण घालतले.”

तलाठी घाटावरचा, तरुण, उन्हाने थकलेला होता. तो पोटभर जेवला. मग खुर्चीत बसून त्याने कागद काढला.

“मुलगा तुमचा कोण?” त्याने काकांना विचारले.

“झील.”

“झील म्हणजे मुलगाच ना? अर्जात तर तुम्हांला परकं कुटुंब म्हटलंय.”

काकांनी माझ्याकडे पाहिले. “कोण म्हणता परक्या?”

काकी चुलीपुढून उठून दाराशी आली. “भाऊसायब, आमच्या घरात कोण पोरको नाय. तो आमच्या आधी जेवता.”

“ते दिसतंच आहे, मावशी,” तलाठी हसून म्हणाला. “सुरमई झकास झाली होती.”

त्याने जे पाहिले ते लिहिले. मुलगा कुटुंबातला, कुटुंबाची स्थिती खाऊनपिऊन बरी. अर्ज नामंजूर होऊन परत आला तेव्हा कॉलेजची मुदत संपत आली होती. काकीला दोष तरी काय द्यायचा? तिने घरात आलेल्या माणसाला जेवू घातले होते.

हेडमास्तरांनी एक वाट सांगितली. काकांनी देवगडच्या कचेरीत जाऊन जबाब द्यायचा. जबाब म्हणजे आपले म्हणणे सरकारी माणसासमोर लिहून देणे. देणाऱ्याला अक्षर येत नसेल तर लिहिलेले त्याला मोठ्याने वाचून दाखवावे लागते आणि मगच त्याचा अंगठा घेतात. नियम चांगला आहे. अडाणी माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून केलेला आहे.

कचेरीत आमची पाळी येईपर्यंत दुपार झाली. कारकुनाने जबाब लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. “तुला वाचता येतं ना? मग तूच वाचून दाखव त्यांना.”

मी वाचले. “सदर मुलगा माझा नाही. त्याचे व माझे कोणतेही नाते नाही. त्याच्या शिक्षणाची जबाबदारी माझ्यावर नाही.”

शाळेत मला वाचनाला बक्षीस मिळाले होते. उच्चार स्पष्ट हवेत, विराम जागच्या जागी हवेत. तसेच वाचले गेले.

काकांनी मला विचारले, “ह्यां लिवल्याशिवाय जमाचा नाय?”

“नाय.”

“मगे कागद दी हडे.” त्यांनी अंगठा उठवला आणि शाई पुसायला भिंत शोधू लागले.

दाखला मुदतीत पोचला आणि फी माफ झाली. मी कॉलेजात गेलो. पण ही सवलत एका वर्षापुरती असते, हे मला पहिल्या वर्षाच्या अखेरीस कळले. दर वर्षी नवा अर्ज, नवा दाखला, आणि जबाबही नवा. म्हणून दर जूनमध्ये काका एक दिवस समुद्र सोडून माझ्याबरोबर देवगडला येत. बाकावर आम्ही शेजारी बसत असू. काकी दोघांची भाकरी एकाच फडक्यात बांधून देई.

तिसऱ्या वर्षी कारकून तोच होता. त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मी तोंड उघडण्याआधी काकांनी हात बांधले आणि शाळकरी मुलासारखे सरळ उभे राहून, शुद्ध पुस्तकी मराठीत ती तिन्ही वाक्ये क्रमाने म्हणून दाखवली. एक शब्द चुकला नाही.

कारकुनाने मान वर केली. “पाठ केलंत की, काका.”

“माका अक्षर येणा नाय,” काका म्हणाले, “पण ह्यां तेवढां येता.” आणि त्यांनी अंगठा पुढे केला.