दत्ताच्या खेकड्यांची चौकशी

कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला, माझ्या जिभेनं एका पोराची नोकरी घालवली! चहा घ्या, सांगते.

मुरबाडला आमच्या शेजारी दत्ता आणि त्याची आई. इथंच शिकला, खेकड्यांवर पीएच.डी. केली. कॉलेजात तासावर शिकवायचा. सुट्टी लागली की पगार बंद. पडवीत बादल्याच बादल्या, आत खेकडे! आणि आमच्या माडीवर भाड्यानं अमेरिकेत शिकून आलेले डॉक्टर. विषय तोच. कॉलेजात कायमची जागा निघाली एकच, अर्ज दोघांचे.

त्याच आठवड्यात दत्ताला मुलीकडचे बघायला यायचे होते. माझं सगळं लक्ष तिकडे! एक दिवस त्याच्या घराला कुलूप, आणि दारात सफारी घातलेले दोघं.

"दत्तात्रय इथंच राहतात ना? जरा चौकशी करायची होती."

चौकशी? म्हणजे मुलीकडचेच की! मी बादल्यांवर गोणपाट टाकलं आणि त्यांना आमच्या ओट्यावर बसवलं.

"त्यांचे लेख अमेरिकेच्या डॉक्टरांपेक्षा जास्त दिसतात. इथं राहून एवढं काम खरंच करतात का हो?"

मुलीकडचे हल्ली काय काय विचारतात! मी म्हटलं, "कसलं काम? घरी आला का पुस्तकाला हात लावत नाय. आईचे पाय चेपतो, भाकऱ्या थापतो."

"आणि खेकडे?"

गोणपाटाखाली खरखर सुरू झाली. मी मोठ्यानं खोकले. "ते कवाच सोडले! आमी कालवण करून खाल्ले."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, जमलं!

"आणि माडीवरचे डॉक्टर?"

अगो बाई, दोन-दोन स्थळं बघतायत! "त्यांच्या नादी लागू नका. रातदिस लिवत बसतात. माणसाशी बोलणं नाय."

"बरं झालं तुम्हाला विचारलं," म्हणत ते उठले.

संध्याकाळी दत्ताला अंगणातच गाठलं. "दत्त्या, पेढे आण! पाहुणे खूश होऊन गेले!" आणि काय काय बोलले ते हातवारे करून सांगितलं.

तो पायरीवर बसला. "काकू, मुलीकडचे रविवारी यायचेत. ते कॉलेजचे होते."

जागा डॉक्टरांना मिळाली. मी कॉलेजात जाऊन खरं सांगितलं, बादलीसुद्धा नेली! साहेब म्हणाले, "शेजारधर्म कळतो आम्हाला, बाई." रविवारचे पाहुणे नोकरी कायम नाही म्हटल्यावर चहाही न घेता उठले. दत्ताची आई मला एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं मला.

आता त्यांच्याकडे कोणी यायचं असलं, की ती सकाळीच मला शहापूरच्या एस.टी.त बसवून देते. तिकिटाचे पैसे स्वतः हातात ठेवते. फक्त जातानाचे.