कुलूप शाबूत होते

ती घटना आठवायला मला प्रयत्न करावे लागत नाहीत. विसरायचे मात्र करून पाहिले.

भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी (नाव सांगत नाही, तिथली माणसे अजून नोकरीत आहेत) एका सरकारी कार्यालयाने रेतीचोरीच्या तक्रारींसाठी 'सुरक्षित ऑनलाइन सुविधा' सुरू केली. मी बंदोबस्ताला होतो. संगणकाला हार घातला, नारळ फोडला, फीत कापली. कार्यालयप्रमुख म्हणाले, "तक्रारदाराचा शब्द ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही." ब्रह्मदेवाचा रेतीशी संबंध नसल्याने त्याची हरकत आली नाही.

वैनगंगेकाठच्या एका गावात साठीचा एक धान पिकवणारा शेतकरी होता. रेती उपसून उपसून घाटाजवळ डोह झाले होते. त्याची बायको कपडे धुवायला गेली आणि त्यातल्याच एका डोहात बुडाली. त्याने या सुविधेवर तक्रार पाठवली. पाठवायची कशी, ते नागपूरला संगणकाचे काम करणाऱ्या मुलीने शिकवले. त्यानंतर एका संध्याकाळी तिघांनी त्याला शेताच्या बांधावर गाठून पाय मोडला. मारता मारता एकजण म्हणाला, "'ट्रॅक्टर स्मशानाच्या मागून काढतात', असंच लिवलं होतं ना, काका?" ते तक्रारीतलेच वाक्य होते, जसेच्या तसे.

मी जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो.

"पडलो, साहेब. बांधावरून."

"बांधाच्या हातात काठी होती का?"

"आजकाल काहीही होऊन राहिलं."

व्हरांड्यात मुलगी उभी होती. मारहाणीची हकीकत तिनेच सांगितली. "बाबांनी मला सांगितलं, पण जबाबात सांगणार नाही म्हणतात. माझी तक्रार कोणी सांगितली ते कळत नाही, तोवर मी बांधावरूनच पडलो, असं त्यांचं म्हणणं." आणि मग हळूच विचारले, "तुटलं का ते कुलूप, साहेब? मीच म्हटलं होतं बाबांना, बिनधास्त लिहा."

कुलूप म्हणजे काय, ते मी तिच्याकडूनच समजून घेतले. "देवळातली दानपेटी असते ना? टाकतं कोणीही, उघडतो फक्त चावीवाला. त्या कार्यालयानं आपलं उघडं कुलूप सगळ्यांना वाटलं आहे आणि चावी स्वतःजवळ ठेवली. बाबांनी चिठ्ठी पेटीत घालून कुलूप दाबलं, की ते बाबांनाही उघडत नाही. मधातल्या कोणाला तर नाहीच. पूर्वी चावीच पाठवावी लागायची, ती वाटेत चोरीला जायची. आता चावी घर सोडतच नाही."

मला ते पटले. फक्त दानपेटीची चावी कोणाकडे असते यावरून गावोगावी झालेली भांडणे मी नोकरीत मिटवली होती, ती आठवली.

तिच्या बापाच्या जबाबाशिवाय प्रकरण उभे राहणार नव्हते. सायबर शाखेच्या हवालदाराने सगळे तपासून सांगितले की वाटेत कोणी हात लावलेला नाही. जे उघडले ते चावीनेच. दोन दिवसांनी खबऱ्याने कळवले की तक्रार आली त्या दिवशी रेती ठेकेदाराचा मुकादम त्याच कार्यालयात बसून होता. त्याला ठाण्यात आणला.

"संगणकातून तक्रार कोणी काढून दिली?"

तो हसला. "मले मोबाइलवर गाणं लावता येत नाई, साहेब. जप्त ट्रॅक्टरच्या कामानं गेलो होतो, बाकावर बसलो होतो. आतमंधी तुमचे सरकारी लोक मोठ्यानं वाचून राहिले होते. कान काय घरी ठेवून याचे?"

पोलिसी सवयीने मी इतके दिवस हुशार चोर शोधत होतो. दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर जाऊन बसलो. नवीन तक्रार आली. तिथल्या कारकून बाबूंनी टेबलाच्या खणातून चावीचा पेनड्राइव्ह काढला, मजकूर उघडला, कागदावर छापला, त्यावर 'गोपनीय' शिक्का मारला आणि कार्यालयप्रमुख साहेबांपुढे उभे राहून वाचायला सुरुवात केली. टपाल वाचून दाखवायची तिथली जुनी रीत. साहेब डोळे मिटून ऐकत. पंखा कुरकुरत होता, म्हणून बाबूंनी आवाज चढवला. बाकावरचे आम्ही सगळे गुपचूप ऐकत होतो.

बाबू बाहेर आल्यावर मी विचारले, "हे गोपनीय ना?"

"म्हणूनच त शिक्का मारला, साहेब."

कार्यालयप्रमुखांनी मला मागच्या भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र दाखवले. "आमची यंत्रणा अभेद्य आहे." ते खरेच होते.

मी मुलीला सांगायला गेलो. तिला हायसे वाटेल अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "म्हणजे कुलूप शाबूत होतं. तुटलं असतं तर बरं झालं असतं, साहेब. दुसरं लावता आलं असतं."

तिघा हल्लेखोरांना पुढे शिक्षा झाली. ठेकेदारापर्यंत पुरावा पोचला नाही. मी वरिष्ठांना अहवाल पाठवला, तेव्हा कार्यालयाने ताबडतोब उपाय केला: तांत्रिक सल्ल्यानुसार चावीची लांबी दुप्पट केली. तिचीही फीत कापली. नदीत ट्रॅक्टर उतरत राहिले.

एवढ्या वर्षांत कुलूप फोडणारे मला थोडे भेटले. चावी लावून दार सताड उघडे टाकणारे मात्र पुष्कळ, आणि बहुतेकांच्या मनात काही वाईट नव्हते. त्या बाबूंच्याही नव्हते.

खटला उभा राहिला तो म्हाताऱ्याच्या जबाबावर. त्यासाठी तो शेवटी कुबड्या घेऊन ठाण्यात आला होता. कोणामुळे घडले ते त्याला कळले होते, आणि त्याने सगळे सांगितले. बायकोचेही सांगितले. रायटरने लिहून घेतले आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवायला सुरुवात केली, कारण 'जबाब मला वाचून दाखवला, बरोबर आहे' असे खाली लिहावे लागते. आमच्या रायटरचा आवाज खणखणीत. बाहेरच्या बाकावर चारपाच माणसे बसली होती.

म्हाताऱ्याने कागदावर तळहात ठेवला. तो नुसता दाराकडे पाहत राहिला.

मी उठलो. दार लावले, खिडकीही लावली.

"आता वाचा," तो म्हणाला. "हळू वाचा."