भोंगाकाकांनी दिलेलं एक वर्ष

नगरपालिकेच्या गाडीत बसून भोंग्यावरून सूचना देत फिरणं म्हणजे काही मोठं काम नाही, असं ज्याला वाटतं त्याने एकदा भर दुपारी 'उद्या पाणी नाही' हा निरोप घेऊन एखाद्या गल्लीत शिरून दाखवावं. भोंगाकाकांनी ते तीस वर्षं केलं. पाणी, लसीकरण, मोकाट कुत्री, कर भरायची शेवटची तारीख, शहराला जे काही कळलं ते त्यांच्याच तोंडून. त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि तिथेच राहिलं. बायकोसुद्धा चिडली की त्यांना "अहो भोंगाकाका" म्हणायची.

त्यांची कामाची एक पद्धत होती. हातात आलेला कागद ते आधी जसाच्या तसा वाचत. मग जरा थांबत, घसा साफ करत आणि म्हणत, "म्हणजे काय, तर..." आणि मग तीच गोष्ट घरातल्या भाषेत. 'जलवाहिनीच्या तातडीच्या दुरुस्तीस्तव पुरवठा खंडित राहील' हे कुणी ऐकत नसे. "म्हणजे काय, तर आजच बादल्या भरून ठेवा, उद्या अंघोळीची बोंब आहे," हे मात्र झाडून सगळे ऐकत. याला कचेरीने कधी परवानगी दिली नव्हती. काम होत होतं म्हणून कधी अडवलंही नव्हतं.

मग शहराला जगभरच्या खेळाडूंची एक स्पर्धा मिळाली. आता ज्या शहरात दवाखान्यातल्या बाकाला तीनच पाय होते, त्या शहराने उघडमीट करणाऱ्या छताचं मैदान बांधायला घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणे, पण इथे मोल होतं आणि ते घरपट्टीच्या बिलात शेवटच्या ओळीत छापून आलं. क्रीडा अधिभार. ती ओळ लोकांना समजावून सांगायचं काम अर्थातच काकांकडे आलं.

कागद वाचून काकांच्या लक्षात आलं की हा अधिभार किती वर्षं, ते त्यात लिहिलेलंच नाही. लोक पहिला प्रश्न तोच विचारणार. म्हणून ते करविभागाच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "एकच वर्ष हो. सांगून टाका. घाबरू नका म्हणावं." आणि पुन्हा फोनवर हसायला लागले.

काकांना तेवढं पुरलं. कागदात नसलेली गोष्ट ते भोंग्यातून कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. शहराच्या प्रत्येक चौकात गाडी उभी करून त्यांनी सांगितलं, "म्हणजे काय, तर फक्त एकच वर्ष. कळ काढा. पुढच्या वर्षी ही ओळ बिलात दिसणार नाही. मी सांगतोय!" त्यातलं 'मी सांगतोय' हे त्यांच्या पदरचं. इथेच माशी शिंकली.

लोकांनी कळ काढली. कुरकुर केली, शिव्या दिल्या, पण भरलं. काकांच्या थोरल्या बहिणीनेही भरलं. ताई एकटी राहायची, कपडे उसवून-शिवून देण्याचं काम करायची. तिच्या उजव्या डोळ्यात काचबिंदू होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लांबवू नका म्हणून बजावलं होतं आणि तिने त्यासाठी थोडे पैसे बाजूला काढले होते. तेच पैसे तिने घरपट्टीत घातले. काका तिला म्हणाले होते, "ताई, डोळा आधी कर ना." ती हसून म्हणाली, "तूच ओरडत फिरतोयस ना एक वर्ष म्हणून? मग एक वर्ष थेंब घालून काढते की." काकांनाही ते पटलं. पुढच्या वर्षी आपण निम्मे घालू, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या वर्षीचं बिल आलं. ओळ होती, आणि आकडा वाढलेला. मैदानाचा खर्च दुप्पट झाला होता, छत एकदा उघडलं ते मिटायला तयार नव्हतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ताईला सांगितलं की उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेली, आता शस्त्रक्रिया करून ती परत यायची नाही. ताईने ही बातमी काकांना दारातच सांगितली, आत ये म्हणाली नाही. "तू म्हणालास म्हणून थांबले रे," एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तीन आठवडे ती त्यांच्याशी बोलली नाही.

शहर मात्र बोलत होतं. गाडी चौकात शिरली की दुकानांतून लोक बाहेर यायचे. "काय हो, एकच वर्ष ना?" पहिल्या दिवशी हसून, दुसऱ्या दिवशी दात-ओठ खाऊन. तिसऱ्या दिवशी दगड आला आणि मागची काच खळकन फुटली. ड्रायव्हर गाडी हाकत राहिला. त्याच्याही घरी बिल आलंच होतं.

सगळ्यात वाईट गेली ती न्हाव्याच्या दुकानातली सकाळ. वीस वर्षांचा ओळखीचा न्हावी. फेस लावून झाला, वस्तरा गळ्याशी आला आणि तिथेच थांबला. आरशात त्याचे डोळे दिसत होते. "काका, माझी आई तुमच्या आवाजावर घड्याळ लावायची," तो अगदी हळू म्हणाला. "दुकानाचं भाडं थकवून मी तो कर भरला. आता मालक दुकान खाली करा म्हणतोय." काकांना थुंकी गिळायचं धाडस होईना. न्हाव्याने वस्तरा पुसून ठेवला, टॉवेल त्यांच्या मांडीवर टाकला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. अर्धी दाढी घेऊन काका घरी आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. या वेळी फोन बाजूला होता, खुर्चीही दिली. शनिवारी सकाळी नगरपालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी होती. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "चार ओळी आहेत. वाचायच्या आणि बसायचं. लोक जरा थंड होतील. तीन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय, चांगला सत्कार करू."

काकांनी कागद वाचला. "पण साहेब, एक वर्ष हे तुम्हीच..."

"मी? कुठे लिहिलंय तसं?"

"नाही वाचलं तर?"

"तर चौकशी लागेल. चौकशी चालू असताना पेन्शन अडकते, हे तुम्हाला मी सांगायला नको."

घरी बायकोने तो कागद दोनदा वाचला. "वाचून टाका," ती म्हणाली. "चार ओळींनी काय अंगाला भोकं पडणारेत? आणि पेन्शन थांबली तर खायचं काय आपण? तुमचा आवाज?" काकांना तिचा राग आला नाही. ती म्हणत होती त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, जिन्यावर माणसं. दुसऱ्या रांगेत ताई बसली होती, एका शेजारणीचा हात धरून. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि खिशातला कागद बाहेर काढला. व्यासपीठावर साहेबांनी खर्च, शहराची शान, येणारे पाहुणे असं बरंच काही सांगितलं आणि लोकांनी प्रत्येक वाक्याला हुर्यो उडवली. मग माईक काकांच्या हातात आला. हुर्यो थांबली.

काकांनी कागद वाचला, जसाच्या तसा. "अधिभाराच्या कालावधीबाबत मी स्वतःच्या मनाने, वरिष्ठांच्या अनुमतीविना, चुकीची माहिती प्रसृत केली. त्याबद्दल मी समस्त नागरिकांची क्षमा मागतो."

साहेबांनी माईक घ्यायला हात पुढे केला. पण सभागृहातलं कुणी हललं नाही. सगळे काकांकडे बघत वाट पाहत होते. तीस वर्षांत पहिल्या वाचनानंतर कुणी उठून गेलं नव्हतं. मागून न्हाव्याचा आवाज आला, "म्हणजे काय, काका?"

साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, "बसा खाली." बायको भिंतीशी उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. काकांनी घसा साफ केला.

"म्हणजे काय, तर," ते म्हणाले, "हा कागद साहेबांनी लिहिलाय. एक वर्ष हे मला त्यांनीच सांगितलं, फोनवर हात ठेवून. मी कागद मागितला नाही. मागायला हवा होता. साहेब म्हणाले म्हणून मी मान डोलावली, मी म्हणालो म्हणून तुम्ही. त्यांनी हात झटकले. मला झटकता येत नाहीत. 'मी सांगतोय' हे मीच म्हणालो होतो."

मग एकदम छप्पर उडेल असा गलका उठला. कुणी साहेबांच्या नावाने ओरडत होतं, कुणी काकांच्या. "आता सांगून काय उपयोग!" एक बाई किंचाळली आणि ते खरंच होतं. खुर्च्या सरकल्या, शिपायांनी व्यासपीठाभोवती कडं केलं. साहेब हातवारे करत "साफ खोटं आहे" म्हणत होते, पण माईक काकांच्या हातात होता, त्यामुळे पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही. काकांनी माईक टेबलावर ठेवला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले.

दाराबाहेर, पायऱ्यांखाली, ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. "काका, आत्ताच निरोप आला," तो खाली मान घालून म्हणाला. "सोमवारपासून तुम्हाला गाडीत घेऊ नकोस म्हणून. चौकशीचं पत्र घरी येईल." काकांनी मान हलवली. पाठोपाठ बायको आली. तिने पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि रिक्षा बघायला पुढे गेली.

मागून ताई आली. शेजारीण गर्दीत मागे राहिली होती. ताई वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभी होती, उन्हाने तिचा डावा डोळाही मिटत होता. काका धावत वर गेले.

"चल ताई. सातच पायऱ्या आहेत."

ताईने पाय उचलला आणि परत ठेवला. "मोजल्यास?"

तीस वर्षं काका त्या पायऱ्या चढत-उतरत होते. मोजल्या कधीच नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिथून खाली उतरले, एकेक पायरी बघत, ओठांनी मोजत. जमिनीवर पोचले आणि पुन्हा वर आले.

"आठ आहेत," ते म्हणाले.

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिली पायरी उतरली.