परमिट रूममधली चौकशी

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी सारखा बारमध्येच बसलेला दिसेन, आणि तुम्हीपण माझ्या बहिणीसारखे माझ्याकडं डोळे बारीक करून बघाल. दारूच्या वासानंच माझं डोकं धरतं. पिणं तर लांबच राहिलं.

माझा धंदा विहिरीवरच्या मोटारींच्या सुट्या भागांचा. शिरवळपासून मिरजेपर्यंतच्या दुकानांना माल मी देतो. सकाळी गाडी काढायची आणि दुपारी जिथं असू तिथं जेवायचं. आणि जेवायला मी बारमध्ये जातो. का? अहो, चांगलं जेवण तिथंच मिळतं! साध्या हॉटेलात पंखा बंद, रस्सा पातळ, आणि शेवटचा घास तोंडात असतानाच वेटर फडकं घेऊन डोक्यावर उभा. परमिट रूमला माणूस निवांत बसायलाच येतो, त्यामुळं तिथं कुणी उठवत नाही. वडूजला एक बार आहे, बाहेरून बघाल तर गोठा वाटेल. मालक मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याची बाजरीची भाकरी आणि खर्डा खाऊन मी पहिल्या दिवशी गप्पच बसलो होतो. सांगलीत स्टँडच्या मागच्या बोळात एक आहे, तिथं वांग्याची भाजी खाताना घरच्या भाजीची लाज वाटते. हे घरी बोललो नाही, इथं लिहितोय. मिरजेजवळ एक बार आहे, त्याच्या मालकाची निम्मी बोली कानडी, तो "जेवा की ओ" म्हणत वाढतच सुटतो. हे सगळे बार मला कुणी दाखवले नाहीत. भूक लागली की शिरायचं, असं करत करत माझे मीच शोधले.

त्यातला माझा सगळ्यात लाडका उंब्रजच्या पुढं, हायवेला लागून. पाटीवर 'फॅमिली गार्डन' लिहिलंय. म्हणजे पुढं झाडाखाली बायकापोरांची टेबलं आणि मागं परमिट रूम. तिथला अख्खा मसूर खावा आणि गप पडावं. तिथला वेटर माझ्याच वयाचा, मिशा भरघोस. त्याचा एक हट्ट आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे म्हणून विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. मी पायरी चढलो की तो आत ओरडतो, "मामांचं!" आणि पुढ्यात येतो काचेच्या उंच गिलासात जिरा सोडा, मसूर, रोटी. सगळ्यांचं सगळं त्याच्या डोक्यात. पुढच्या फॅमिलीच्या टेबलावर बसून कुणाला घ्यायची असली, तर त्याला तो स्टीलच्या गिलासात आणून देतो, बघणाऱ्याला पाणी वाटावं म्हणून. मला ते बघून हसू यायचं.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडं पोरगी द्यायची म्हटलं की आधी चौकशी. पोराच्या घरच्यांना विचारून काय कळणार? ते काय सांगणार आहेत, आमचं पोरगं पितंय म्हणून? मग पानपट्टीवर विचारायचं, सलूनमध्ये विचारायचं, आणि बारमध्ये विचारायचं. आमच्या भावकीत एकदा कळलं की मी बारमध्ये जेवतो, झालं! कुणाच्याही घरात स्थळ आलं की फोन मला. "तू जातोसच की तिकडं, जरा बघ." मी चिडायचो. जेवायला जातो म्हणून ओरडायचो, पण ऐकतो कोण? शेवटी मोबाईलवर पोराचा फोटो घ्यायचा, जेवता जेवता मालकाला दाखवायचा आणि विचारायचं, "हा येतो का?" असं सुरू झालं.

पण गेल्या वर्षी स्थळ आलं ते माझ्या भाचीला. आक्काची एकुलती एक. मेडिकलच्या दुकानात कामाला जाते, आणि तिला स्कूटर मी शिकवलेली. आधीची स्थळं तिनं नाकारलेली. हा पोरगा तिला आवडला, तोंडानं बोलली नाही तरी सारखा मोबाईल बघून हसत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, बाकी काय पण चालंल. पिणारा नको. तू सांगशील ते खरं."

पोरगा शिरवळला कारखान्यात इंजिनिअर, घर सांगलीला. आठवडाभर तिकडं राहायचं, शनिवारी मोटरसायकलवरून घरी यायचं. वडील मिलिटरीत होते, ते वारलेले, घरी आई एकटी. मी सांगलीतला बार न् बार पालथा घातला. फोटो बघून सगळ्यांनी माना हलवल्या, कुणी ओळखीना. मग शिरवळला गेलो. तिथंही तेच. मी आक्काला फोन करून सांगितलं, "पोरगं धुतल्या तांदळासारखं हाय. दे डोळं झाकून."

बोलणी करायला गुरुवार धरला. आक्काचं गाव उंब्रजच्या जवळच. पोरगा आणि त्याची आई दोघंच आले. आई उंच, काटक, डोक्यावर पदर. चहा झाला. दाजी सुपारी आणायला उठले, म्हणजे आता फुटलीच म्हणायची. तेवढ्यात त्या बाईनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "ह्यास्नी मी बघितलंय."

मला वाटलं असेल, दुकानात कुठंतरी. मी हसून विचारलं, "कुठं बघितलं म्हणायचं?"

"वडूजला. बारमदी. पुढ्यात गिलास हुता."

मी उडालोच! दाजी सुपारी हातात धरून तसेच उभे. आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, लहानपणी घागर फोडल्यावर आई बघायची तसं.

बाई काय आवाज चढवून बोलत नव्हती. ती म्हणाली, "आमी बी चौकशी करतो की. दीर म्हणत हुते मी जातो. पर पुरुषाला बारमदी चौकशीला पाठवलं की त्यो तितंच बसतुया. म्हणून मीच गेले."

बाई मोठी बहादूर निघाली. डोक्यावर पदर घेऊन, एसटीनं, एकटी, एकेका परमिट रूमच्या दारात! मी रस्ता कोळून प्यायलेला माणूस, आणि तिनं मलाच गाठलं. बायोडाटावर मामाचं नाव-गाव असतंच आमच्याकडं. तिनं पोरीच्या बापाचं विचारलं, कुणाला माहीत नाही. मग मामाचं विचारलं. आणि जिथं जाईल तिथं उत्तर एकच, "मामा? येत्यात की! नेहमीचं गिऱ्हाईक." वडूजला व्हय, सांगलीला व्हय, मिरजेकडं तर त्या "जेवा की ओ"वाल्यानं म्हणे माझी बसायची जागासुद्धा दाखवली. कप्पाळ माझं! शिरवळ ते मिरज मी सगळ्यात मोठा बेवडा ठरलो होतो, आणि तोही जिरा सोडा पिऊन!

"आवं, मी जेवायला जातो!" मी ओरडलो.

"बारमदी?" ती म्हणाली. आणि खरं सांगतो, ते वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मलाच खोटं वाटलं.

दाजी मध्ये पडले. म्हणाले, मामाचं आणि पोरीचं काय? मामा कुठं नांदायला येणार आहे? तेव्हा ती बाई जे बोलली ते मी विसरणार नाही. "आमचं मालक मिल्ट्रीतनं सुटून आलं, आन कँटिनच्या रमनं त्यास्नी खाल्लं. मी खपवून घेत ऱ्हायले. माज्या माहेरात बी सगळी पीत हुती, मला त्यात काय वावगं वाटलंच न्हाई. पिणाऱ्याच्या घरातली पोरगी खपवून घेती, दाजी. मला खपवून घेणारी सून नको. दणका देणारी पायजे."

भाची आतल्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. माझ्यामुळं! ज्या पोरीची स्कूटर शिकवताना मी मागनं धरून पळालो, तिचं लग्न माझ्या जिरा सोड्यानं मोडत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "चला. आत्ताच्या आत्ता चला सगळी. हायवेला माझा नेहमीचा बार आहे. मी तोंडातून ब्र काढणार नाही. वेटर माझ्या पुढ्यात काय आणून ठेवतो ते तुमच्या डोळ्यानं बघा."

पोरगा घाईनं म्हणाला, "कशाला मामा, आमचा इश्वास हाय तुमच्यावर." किती भला पोरगा, असं मनात आलं माझ्या. मी म्हटलं, तुझा असेल बाबा, तुझ्या आईचा नाही. तो पुन्हा म्हणाला, जेवायचंच असेल तर कराडच्या बाजूला बरं हॉटेल आहे, तिकडं जाऊ. आई म्हणाली, "न्हाई. मामांच्याच हाटेलात जायाचं."

गेलो. दुपारची वेळ, झाडाखालची टेबलं रिकामी. आक्का, दाजी, भाची, ती बाई, पोरगा आणि मी. वेटरनं लांबूनच बघितलं, मिशीत हसला आणि आत ओरडला, "मामांचं!" मी हाताची घडी घालून बसलो, वर बघायला तयार नाही. थोड्या वेळात आला काचेचा उंच गिलास, काळपट, वर फेस. मसूर, रोटी, कांदा.

"घ्या," मी गिलास बाईच्या पुढं सरकवला. "वास घ्या. पिऊन बघा!"

तिनं वास घेतला. मग बोट बुडवून चाटलं. आणि खळखळून हसली हो. "जिरं हाय की ह्यात! चुकलं माजं, मामा. लय चुकलं." दाजींनी खिशातली सुपारी काढून टेबलावरच ठेवली, इथंच फोडू म्हणाले. आक्का मला म्हणाली, "तरी पण बारमदी कशाला जातोस रं?" पण तीही हसत होती. भाचीनं माझ्याकडं बघून मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो गड्या.

बाईनं कौतुकानं मसूर वाढून घेतला, त्याच्याबरोबर हिरवी मिरची दाताखाली धरली. मिरची उंब्रजची, तिला ठसका लागला. डोळ्यांत पाणी. तेवढ्यात वेटर दुसऱ्यांदा आला आणि कुणी न मागता त्यानं एक गिलास टेबलावर ठेवला. पोराच्या पुढ्यात. स्टीलचा.

मी तो गिलास बघितला आणि हातातला रोटीचा तुकडा परत ताटात ठेवला. त्या टेबलावर स्टीलचा गिलास म्हणजे काय, हे फक्त तिघांना माहीत होतं. वेटरला, मला आणि त्याला.

ठसका आवरत बाईनं हात लांब केला, पाणी म्हणून. पोरगा अर्धा उठला. "आई, त्यो नको—"

तिनं गिलास तोंडापर्यंत नेला आणि तिथंच थांबली. ओठाला लावलासुद्धा नाही. तो वास तिला कुणी सांगायला नको होता. तिनं गिलास हळूच खाली ठेवला आणि वेटरला विचारलं, "रोज येतुया?"

वेटरचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी काय करणार? तो चाचरत म्हणाला, "न्हाई आवं. शनवारचं. सांगलीला जाताना."

"पिऊन गाडीवर बसतुया?"

वेटरच्या आधी पोरगाच बोलला. आई, दमलेलो असतो, लांबचा रस्ता, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय. बोलता बोलता त्याचाच आवाज बारीक होत गेला.

शनिवारी! मी शनिवारी या रस्त्याला कधीच नसतो, घरी असतो. मी सांगलीत विचारलं, शिरवळला विचारलं. जिथं राहतो आणि जिथं काम करतो तिथं कुठला शहाणा पितो? सगळे मधल्या रस्त्यावरच पितात, हे मला नाही तर कुणाला माहीत? ज्या टेबलावर मी नेहमी जेवतो, तिथं फोटो दाखवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. भाची माझ्याकडं बघत होती. पोराकडं नाही, माझ्याकडं. तू सांगशील ते खरं म्हणालेली ती. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाईचा ठसका अजून गेलेला नव्हता, ती पदरात तोंड धरून खोकत होती. भाची उठली. जगमधलं पाणी काचेच्या गिलासात ओतलं, बाईच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या हातात दिलं. बाई सगळं पाणी प्यायली. मग तिनं भाचीचा हात धरला आणि आक्काकडं बघून म्हणाली, "ताई, लय गुणाची पोर हाय तुमची. म्हणून सांगते, मी आई हाय त्याची. देऊ नका."